तांबडा टाका

रफूवाल्या मास्तरांबद्दल गल्लीला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक म्हणजे, त्यांनी बुजवलेलं भोक ते पाडणाऱ्या कसरीलासुद्धा पुन्हा सापडायचं नाही. आणि दुसरी, सुयांची पितळी डबी सुनेच्या हातात द्यायचा दिवस ठरला, की म्हातारा नेमका त्याच दिवशी आजारी पडतो.

दुसऱ्या गोष्टीवर शेजारचा लाँड्रीवाला विशेष अधिकारानं बोलायचा. त्याच्या आणि मास्तरांच्या दुकानाची भिंत एकच, त्यामुळे इकडे कोणी शिंकलं की तिकडे त्याला सर्दी व्हायची. गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्री फिरवता फिरवता तो सांगायचा, "पहिल्यांदा ठरलं तेव्हा मास्तरांची कंबर धरली. दुसऱ्यांदा दाढ सुजली. परवा तर उचकी लागली म्हणे. दिवसभर उचकी! अहो, सुनेला डबी द्यायचीय, मूत्रपिंड नव्हे!"

गल्ली हसायची. मास्तरांची बायकोही काही कमी नव्हती. दुकानाच्या मागच्याच खोलीत त्यांचं बिऱ्हाड, तिथून तिचा आवाज यायचा, "उठा आता. काय अंडी उबवताय का त्या डबीवर बसून?"

मास्तर काहीच बोलायचे नाहीत. आणि मास्तर गप्प बसले म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे बायकोला कळायला हवं होतं. कारण हा माणूस एरवी नको तिथं खरं बोलून मोकळा होणारा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं हौसेनं विचारलं होतं, "हा रंग मला शोभतो का?" मास्तरांनी मान वाकडी करून, नीट उजेडात बघून उत्तर दिलं, "नाही." चार दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. पाचव्या दिवशी मेव्हण्यानं समजावलं, की बाबा रे, असल्या प्रश्नाला उत्तर नसतं, कौतुक असतं. मास्तर म्हणाले, "मग तिनं प्रश्न कशाला विचारला?"

तर असा हा माणूस, आणि अशी ती डबी.

डबी मास्तरांना त्यांच्या उस्तादांकडून मिळालेली, उस्तादांना त्यांच्या उस्तादांकडून. आत केसासारख्या बारीक नऊ सुया आणि तांबड्या धाग्याची एक रीळ. रफूचं काम सांगायला सोपं आहे. कापडाच्याच आतल्या दुमडीतून चार धागे उसवून काढायचे आणि भोकाच्या जागी उभे-आडवे विणून नवं कापड उभं करायचं. वरून बघणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. पण या डबीवाल्यांची एक रीत होती. काम संपलं की कापड उलटं करायचं आणि रफूच्या मागे, अस्तराच्या आड, तांबड्या धाग्याचा तिळाएवढा एकच टाका घालायचा. उस्ताद म्हणायचे, "जगाला भोक दिसू नये, ही झाली आपली कला. पण ज्याचं कापड आहे त्याला कळायला हवं. त्याच्यापासूनही लपवलं, तर आपल्यात आणि चोरात फरक काय राहिला?"

तांबडा टाका घालायचा हक्क फक्त डबीवाल्याचा. हाताखालच्या माणसानं रफू कितीही सुरेख केलं, तरी टाका मालकाचाच. आणि डबी पुढच्या हातात देताना एक वाक्य म्हणायचं, साक्षीला कोणी असो वा नसो: 'खुणेशिवाय माझ्या हातून एकही काम बाहेर गेलं नाही.' ते म्हटलं की झालं.

एकदा एक बडा माणूस आला होता. जुना कोट नवा म्हणून व्याह्यांना भेट द्यायचा होता त्याला. म्हणाला, "मास्तर, तेवढं ते तांबडं नको."

"मग कोट फाटकाच घेऊन जा."

"अहो, आतल्या बाजूला कोण बघतंय?"

"मी," मास्तर म्हणाले, आणि कोट त्याच्या हातात ठेवला. पुढे कितीतरी वर्षं लाँड्रीवाला ही हकीकत दर वेळी थोडं मीठ-मसाला वाढवून सांगायचा. शेवटी शेवटी तर त्यात त्या माणसानं पाया पडल्याचंही आलं होतं. मास्तर तेव्हा खाली मान घालून सुईत दोरा ओवत बसायचे. लोकांना वाटायचं, काय विनय आहे!

विनय कसला? खाई त्याला खवखवे.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखान्यातल्या एक नर्सबाई वडिलांचा कोट घेऊन आल्या होत्या. वडील जाऊन महिना झाला होता. राखाडी लोकरीचा, जाड विणीचा कोट, कॉलरपाशी कसरीनं खाल्लेला. कोट देताना बाईंनी तो हातावर असा धरला होता, जसं झोपलेलं मूल दुसऱ्याच्या कडेवर द्यावं. मास्तरांनी कॉलर रफू केली, मागे तांबडा टाका घातला, आणि शेवटचा हात म्हणून इस्त्री घेतली. तेवढ्यात भिंतीपलीकडून लाँड्रीवाल्यानं हाक मारली, "मास्तर, बाहेर या! गंमत बघा!" समोरच्या गच्चीवरून वाळत घातलेली कोणाची तरी चादर उडून थेट पोस्टमनच्या डोक्यावर बसली होती. मास्तर दारात गेले, पोट धरून हसले आणि वळले, तेव्हा नाकात जळकट वास शिरला.

पाठीवर, डाव्या खांद्याखाली चार बोटांवर, बटणाएवढं भोक.

मास्तरांनी दार लोटून घेतलं. दोन दिवस दुसऱ्या कशाला हात लावला नाही. कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागे काढले आणि ते भोक असं बुजवलं, की आयुष्यात त्यांच्या हातून तसं काम त्याआधी झालं नाही, नंतरही नाही. वीण विणीत मिसळून गेली. मग कोट उलटा केला, सुईत तांबडा धागा ओवला, आणि हात थांबला. बाई विचारतील, कसरीनं तर कॉलरच खाल्ली होती, मग हा दुसरा टाका कसला? त्यांना सांगावं लागेल, की तुमच्या वडिलांचा कोट मी चादरीची गंमत बघताना जाळला.

त्यांनी धागा सुईतून काढून घेतला, अस्तर शिवून टाकलं.

नर्सबाई आल्या, कॉलरवरून हात फिरवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून."

झालं एवढंच. ना कोणाचं नुकसान, ना कोणाला पत्ता. पण मास्तरांचा एक नेम होता. देवळात ते सहसा जायचे नाहीत. कोणी टोकलं तर म्हणायचे, "तिथं गर्दी असते, त्याला माझं ऐकू जात नाही." संध्याकाळी दुकान आवरताना मात्र दिवसभरात झालेले सगळे कपडे ते एकेक करून उलटे करायचे, तांबडा टाका बघायचे, त्यावर बोट टेकवायचे, घडी घालायचे. हीच त्यांची पूजा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सगळे कपडे बघून झाले, की एक राखाडी कोट आपोआप समोर येऊन उभा राहायचा, पाठ करून. त्यावर टेकवायला बोटाला जागाच नव्हती. आपल्या हातचं सगळ्यांत सुंदर काम आणि आपलं सगळ्यांत मोठं खोटं एकाच जागी आहे, हे कोणाला सांगणार? सुरुवातीला वाटलं, काळ जाईल तसं बोथट होईल. उलट धार लागत गेली.

दोन वर्षांनी सून घरात आली. मुलगा बस चालवायचा. त्याच्या हातात सुई दिली की सुईलाच संकोच वाटायचा. सुनेनं मात्र गंमत म्हणून सुई धरली ती अकरा वर्षं सोडली नाही. बोलायला तिखट, हाताला रेशीम. आणि आता मास्तरांचे डोळे गेले होते. पूर्ण नव्हे. कडेचं दिसायचं, मधलं विरघळायचं. म्हणजे भिंतीवरचं घड्याळ दिसायचं, पण काटे नाही. डॉक्टर म्हणाले, याला आता इलाज नाही. सून रफू करायची आणि कपडे फळीवर टाक्यासाठी थांबायचे, कारण मास्तरांना टाका घालता येत नव्हता आणि सुनेला तो हक्क नव्हता. फळी कपड्यांनी वाकली. गिऱ्हाइकं चिडायला लागली.

उचकीच्या प्रकरणानंतर आठवड्यानं सून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? खरं सांगा, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारते. माझ्या हातात कमी आहे का काही?"

"नाही गं."

"मग मी सून आहे म्हणून? लेक असते तर दिली असती?"

"तसं नाही."

"मग कसं? तयार कपड्यांच्या कारखान्यात बाई हवीय. सोमवारपासून येते म्हणून सांगू का?"

 मास्तरांनी काहीतरी वेगळंच सांभाळलं होतं इतके दिवस, आणि शिक्षा भोगत होती ही पोर. तिला वाटत होतं, उणीव आपल्यात आहे.

"दोन दिवस थांब," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली. "एवढंच? मला वाटलं, कुठं दुसरं लग्नबिग्न केलंत की काय." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू ओसरलं. "अहो, तेरा वर्षं झाली. त्या बाई विसरल्याही असतील कोट. झाकली मूठ राहू द्या की झाकलेली."

"मूठ झाकली की सुई धरता येत नाही," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला म्हणाले, "डबी घे बरोबर. एका घरी जायचंय. मला जिन्यावर धर."

नर्सबाई निवृत्त झाल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. घर दवाखान्यासारखंच लख्ख. बरण्यांवर, डब्यांवर, खिडकीतल्या कुंड्यांवरसुद्धा नावाच्या चिठ्ठ्या. मास्तरांना बघून त्यांना मनापासून आनंद झाला. "अगोबाई, मास्तर! बसा, बसा. तो कोट आहे हं अजून. थंडीत मीच घालते."

मास्तर बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. चादर, पोस्टमन, इस्त्री, भोक, न घातलेला टाका. सुनेनं त्यांचा दंड धरला होता. तिचा हात सैल झाल्याचं त्यांना कळलं.

 बाईंनी उठून कपाटातून कोट आणला आणि खिडकीशी नेला. वरून बघितला, आतून बघितला. "डावा खांदा म्हणालात ना? इथं तर काहीच नाही हो."

"आहे. द्या इकडे."

मास्तरांनी कोट हातात घेतला. खांद्यापासून चार बोटं मोजली, बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. लोकर, लोकर, लोकर. डोळ्यांपुढे तर नुसतं राखाडी धुकं.  स्वतःचं काम स्वतःला सापडेना. खूण असती तर सापडलं असतं.

बाईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं नाडीवर बोटं ठेवली. आवाज एकदम मऊ झाला. "मास्तर, जेवता ना वेळेवर? झोप लागते? वयात असं होतं बरं का. न घडलेलं घडल्यासारखं वाटतं. आमच्याकडे एक आजोबा होते, आपण बँक लुटली म्हणून रोज रडायचे. बिचारे शाळेत शिपाई होते." मग सुनेकडे वळून हळूच म्हणाल्या, "एकदा दाखवून आणा यांना."

मास्तर खुर्चीत बसले होते आणि त्यांच्यापुढे एक दार सताड उघडं होतं. कोटानंच साक्ष दिली होती, की काही झालंच नाही. ज्यांचा अपराध केला त्याच म्हणत होत्या, अपराध नाही. कबुली देऊन झाली, आता ती कोणी घेत नसेल तर त्यांचा काय दोष? 'हो बाई, वय झालं' एवढं म्हटलं, की संध्याकाळी डबी सुनेच्या हातात, फळी रिकामी आणि लाँड्रीवाल्याचं तोंड बंद. चार शब्द. ओठापर्यंत आलेही.

"सूनबाई," ते म्हणाले, "तू शोध. अस्तर उसव. मागच्या बाजूनं बघ."

कात्रीचा बारीक आवाज आला. मग सुनेचं नख कापडावरून फिरायला लागलं. मास्तरांना दिसत नव्हतं, पण त्या आवाजावरून हात कुठे आहे ते कळत होतं. नख उभं गेलं, आडवं गेलं. मग थांबलं. थोडं मागे आलं. पुन्हा थांबलं.

ते थांबणं लांबलं. आणि मास्तरांच्या ध्यानात आलं, की मघाचं ते दार आता तिच्यासमोर उघडं आहे. तिनं 'नाही' म्हटलं तर डबी तिची, सासऱ्याचं नाव शाबूत, घराची लाज झाकलेली. आणि 'नाही' म्हणणारीला पकडणारा या जगात कोणी नव्हता. खुद्द ज्यानं विणलं, त्याला ते सापडलं नव्हतं. कारखान्यातली जागाही बहुधा अजून मोकळी असेल, पण ती कशाला हवी मग? त्यांना तिला काही सांगता येत नव्हतं. सांगून उपयोगही नव्हता.

"आहे, बाबा," सून म्हणाली.  "एका धाग्याचा पीळ उलटा बसलाय. हे बघा बाई, इथं. उजेडात तिरकं धरा."

नर्सबाईंनी तिरकं धरलं. बराच वेळ धरलं. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"इथं माझा हात जायचा," शेवटी त्या म्हणाल्या. "वडील पुढे चालायचे, मी मागून धरून चालायचे. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं नीट. नेमका इथंच हात." मग एकदम त्यांचा स्वर बदलला. "कशाला आलात हो मास्तर? तेरा वर्षं मी सुखानं हा घालत होते. आता दर वेळी मला इथलं जळकंच आठवणार. तुमचं ओझं उतरलं. ते कुठं उतरवून ठेवलंत, बघितलंत का?"

 'मला माफ करा' हे शब्द मास्तरांनी आणले होते बरोबर, पण आता ते काढणं म्हणजे आणखी काहीतरी मागणं झालं असतं. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बायको म्हणाली होती ती मूठ उघडली होती, आणि आतली गोष्ट या बाईच्या पदरात पडली होती. हेही खरंच होतं, आणि तेही आता त्यांनाच बघायचं होतं.

"धागे कुठले घातलेत?" बाईंनी कोरड्या आवाजात विचारलं.

"याच कोटाचे. आतल्या दुमडीतले. दुसरं काही नाही त्यात."

बाईंनी पुन्हा एकदा त्या जागेवरून अंगठा फिरवला. मग कोट त्यांच्या मांडीवर टाकला. "घाला तो टाका. घालायचा राहिलाय ना? घाला आणि जा."

सुनेनं डबी उघडली, तांबडा धागा ओवला आणि सुई सासऱ्याच्या बोटांत दिली. तिनं त्यांचं बोट त्या जागेवर नेऊन ठेवलं आणि स्वतःचा हात काढून घेतला. मास्तरांनी चाचपत टाका घातला. एकदा सुई बोटात गेली. टाका तिळाएवढा हवा होता, तो मसुरीएवढा झाला, आणि तिरका. शिकाऊ पोरानं घातला असता तर मास्तरांनी उसवायला लावला असता. गाठ मारली, आणि वर बोट टेकवलं.

 परत येताना सुनेनं रस्ताभर त्यांचा दंड घट्ट धरला होता.

दुकानात आल्यावर मास्तर म्हणाले, "डबी दे इकडे." तिनं दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. दारात लाँड्रीवाला येऊन उभा होता, मागच्या दारात बायको. उचकी आली नाही.

"माझ्या हातून एक काम खुणेशिवाय बाहेर गेलं," मास्तर म्हणाले. "तेरा वर्षं तसंच होतं. आज खूण घातली." एवढं म्हणून डबी पुढे केली. "वाक्य बिघडलंय. चालत असेल तर घे. नाहीतर कारखाना आहेच."

"बिघडलेलंच दुरुस्त करतो ना आपण?" सून म्हणाली आणि डबी घेतली. मग डोळे पुसून फळीकडे वळली, कारण कामं पडली होती.

लाँड्रीवाल्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं राखलेलं रहस्य निघालं ते असलं! पण रात्रीपर्यंत त्याला वेगळीच टोचणी लागली. सकाळी मास्तरांना गाठून म्हणाला, "म्हणजे मी हाक मारली म्हणून झालं सगळं?"

"हाक तुझी होती. इस्त्री माझी होती."

नर्सबाई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. त्यांनी कोणाला तरी सांगितलं असावं, कारण महिनाभर गिऱ्हाइकं कपडे नेताना उलटे करून, खिसे बाहेर काढून बघत होती. एकानं तर सात वर्षांपूर्वीचा कोट आणून काउंटरवर टाकला, "तपासा." सुनेनं तोंडातून ब्र न काढता अस्तर उसवून तांबडा टाका दाखवला. दोन-तीन जुनी घरं मात्र सुटली ती सुटलीच. थंडी पडल्यावर लाँड्रीवाल्याला नर्सबाई बाजारात दिसल्या. अंगावर तोच राखाडी कोट. त्यानं धावत येऊन सांगितलं. मास्तरांनी एवढंच विचारलं, "बटणं लावली होती का? वारा आहे आज."

आता मास्तर दाराजवळच्या स्टुलावर बसतात. बायकोनं परवा पुन्हा विचारून बघितलं, हा रंग शोभतो का. म्हणाले, "दिसत नाही गं आता." ती म्हणाली, "बरं झालं बाई!" आणि मग उगीचच पाठ फिरवून कितीतरी वेळ भांडी आवरत राहिली.

संध्याकाळी दुकान आवरताना सून दिवसभराचे कपडे उलटे करून एकेक त्यांच्या मांडीवर ठेवते. ते बोटानं टाका शोधतात. सगळे झाले, की हात थोडा वेळ रिकामा मांडीवर राहतो. राखाडी कोट अजूनही येतो. पण आता बोट टेकवायला तिथं जागा आहे, तिरकी, मसुरीएवढी.

"झालं, बाबा?" सून विचारते.

"थांब," ते म्हणतात. "एक राहिलाय." आणि मग म्हणतात, "हं. झालं."